तेजूची हाक

२७ जुलै
सुरतेहून आलो. डॉ. म्हणाले, बरगडीतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन श्वासनलिकेत बसवू, अरुंद जागा रुंद होईल. जमलं तर गळ्यातली ट्यूब निघेल.

पाच वर्षं ती ट्यूब बघतेय. जन्मल्यावर तेजू महिनाभर व्हेंटिलेटरवर, त्यात नलिका आकसली, मग गळ्याला भोक. ट्यूबवर बोट लावलं की बोलते. रडते तेव्हा आवाज नाही. ह्यांचं म्हणणं, आहे तशी बरी आहे. बरी? लेकरू रडतंय हे कळायला मला वळून बघावं लागतं!

३ ऑग., रवि.
घरात कानबाई देवी बसली. घर भाऊबंदांनी भरलेलं. सासूबाईंनी तेजूच्या गळ्याला नवा रुमाल बांधला, पाहुण्यांना भोक दिसू नये म्हणून. मी चुलीपाशी नैवेद्याचे रोट भाजत होते. पोरीने पदर ओढला, बघते तर ओठ निळे. रुमाल ओरबाडला. देवीपुढेच सक्शनची नळी घालून कफ ओढला. श्वास आला.

मागून कोणीतरी, "कानबाईम्होरे हाई काय करी ऱ्हायनी?"
मी म्हटलं, "पोरले श्वास दी ऱ्हायनी. दखा सगळा."

आता रुमाल बंद. शाळेत, बाजारात, लग्नात उघड्या गळ्यानेच जाईल. ज्याला बघवत नाही त्याने मान फिरवावी.

५ ऑग.
आज दुपारी सासूबाई सक्शन मशीनपाशी येऊन बसल्या. "माले शिकाड." तीनदा चुकल्या, मी ओरडले. चौथ्यांदा जमलं. राग गेलेला नाही माझा. पण शिकवलं.

हे अजून ऑप.ला नाहीच म्हणतात. "टेबलावर काही झालं तर?" भीती मलाही आहे. पण तिचा आवाज भीतीला द्यायचा नाही मला.

१९ ऑग., सुरत
सकाळी सहीचा कागद आला. सिस्टर, "वडील कुठेत?" हे सोबत आले, पण सही नको म्हणून जिन्यात उभे. म्हटलं, आई आहे ना. केली सही.

डॉ. सरळ बोलले. नलिका पुन्हा आकसू शकते, पुन्हा ऑप. लागू शकतं. लागू दे, पुन्हा येऊ.

ऑप. थिएटरच्या दाराशी तेजूने ट्यूबवर बोट ठेवलं. "मम्मी, तू आठेच ऱ्हा. मी हाक मारसू." म्हटलं, इथेच बसते.

दार लागून तीन तास झाले. सासूबाई म्हणतात चहा घे. हे खाली जाऊन आले, दोनदा. मी बाकावरून उठलेली नाही.