कप्तानाची टोपी

गास्पार,

आज तीनशे वर्षं जुन्या आपल्या मिदी कालव्यातून मोटरबोट मी एकटीनेच नेली. दिवसभर, सावकाश, ऊन खात. बावीस वर्षं तू टोपी घालून सुकाणूपाशी ऐटीत उभा, आणि बोट वर-खाली नेणाऱ्या प्रत्येक लॉकच्या हौदापाशी दोर घेऊन काठावर उडी मारायची मी!

दुपारी लॉकमधलं पाणी उतरायला लागलं. दोर धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी तो खुंटाला बांधून टाकला. बोट तिरकी लटकली. लॉकवाली ओदिल कोयता घेऊन धावली आणि तिने दोर तोडला.

“पाणी उतरताना दोर हळूहळू सोडायचा असतो गं! बांधायला कुणी शिकवलं? तुझ्या कप्तानाने?”

“छे! त्याला फक्त सोडून जाणं जमतं.”

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझी टोपी ओदिलच्या कोंबडीला दिलीय, अंड्यांवर बसायला. निदान ती कोंबडी तरी एका जागी टिकेल.

तुझी दोरवाली,
सोलांज