सर्वांत जवळचं गाव

फुजैरा, १७ नोव्हेंबर २०२५

नबिला आपांना सलाम. तुम्ही खुशाल असाल, गुडघ्याला तेल लावत असाल. वर फुजैरा वाचून दचकाल. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच रडायला लागता आणि माझं सांगायचं राहून जातं.

शनिवारी सकाळी दुबईत, अल बर्शातल्या घरी मी पापलेटं धुऊन हळद-मीठ लावत होते. गॅलरीतल्या चादरींवर नेहमीची धूळ, त्या पुन्हा झटकायच्या होत्या. तेवढ्यात तुमचा फोन. "फिरदोस येत्या शुक्रवारी कायमची गावी येतेय. नवरा रिटायर झाला. वलीची कबर सोडताना तिला जड जातंय. वहिनीला सांग म्हणाली."

मी म्हटलं, "बरं. तिला माझा सलाम सांगा."

आमचे हे गेल्यापासून दोन वर्षं असंच चाललंय. तुमची धाकटी बहीण माझ्यापासून दीड तासावर, आणि तिचा निरोप रत्नागिरीहून येतो.

नात मुनिबाने लायब्ररीतून चेक गणितज्ञांवरचं पुस्तक आणलंय. डिक्शनरी घेऊन मी रोज थोडं वाचते. त्यात बोल्झानो म्हणून एक पाद्री आहेत. प्रागच्या विद्यापीठाने काढून टाकलं, तरी ते लिहीत राहिले. मला आवडले. पण त्या शनिवारी पुस्तकात बोरूवका आला. गावोगावी वीज न्यायची, तार कमीत कमी लागावी. तो म्हणतो, आधी प्रत्येक गावाने सर्वांत जवळच्या गावाशी तार जोडायची. मग जे पुंजके होतील, त्यांनी जवळच्या पुंजक्याशी. असं करत सगळी गावं जोडली जातात.

ह्यांचा जन्म इथल्या तेलाच्या टर्मिनलवर केबल ओढण्यात गेला. हसून म्हणाले असते, "मग कंत्राटदार काय खाईल?"

नातीला समजावून सांगायला मी आपल्याच माणसांचे ठिपके काढले. अल बर्शा, फुजैरा, रत्नागिरी. रेघाही मारल्या.

"दादी, धिस इज राँग. तुझं निअरेस्ट फुजैरा आहे. व्हाय डिड यू जॉइन रत्नागिरी?"

"सवयीने."

"इरेझर देऊ?"

आपा, ह्यांना इथे फुजैरात माती दिली तेव्हा मी तुमच्याकडे लग्नाला आले होते. माझं विमान उतरेपर्यंत फिरदोस थांबली नाही. तोंड बघायचं राहिलं. तिने थांबायला हवं होतं, हे माझं आजही म्हणणं आहे, आणि मी ते तिला तोंडावर सांगितलंय.

पण ह्यांना न्हाऊ घालून कफनात ठेवलेलं शेवटचं पाहिलेली आमच्यातली ती एकटीच. ती गेली की कुणाला विचारू, चेहरा कसा दिसत होता? हे निरोपाने विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी पापलेटं तळून डब्यात भरली, सकाळची बस धरली आणि फिरदोसच्या दारात उभी राहून तिला विचारलं.

तिच्याच स्वयंपाकघरातून,
तुमची झुबेदा