जाम्बाच्या ट्रकमधली खिडकीची जागा

त्सागान-ओवू, ५ सप्टेंबर २००३

चि. उरनास अ. उ. आ.

लोकरीच्या ट्रकवाल्या जाम्बाकडून सुकवलेल्या दह्याची पिशवी पोचली. निम्मी त्यानेच वाटेत चघळली असावी.

तुला सातवा लागला आणि दवाखान्याच्या वहीत तुझ्या नावापुढे जूननंतर काहीच नाही. मागच्या खेपेला रक्तदाब चढला आणि बाळ हाती लागलं नाही, ते विसरलीस का गं? आमच्या मातागृहात गुराख्यांच्या बायका बाळंतपणाआधी येऊन राहतात, आणि त्यांना रांधून वाढायला मी आहे. परक्यांची पोटं भरते आणि सख्खी बहीण तिकडे डोंगरात! एकदा तपासून तरी जा.

तुझी,
दुलमा

डोंगरातून, १४ सप्टेंबर

ती. ताईस कृ. सा. न.

तंबूवर घालायच्या नमद्याची लोकर कुटायची आहे, मेंढ्या खाली आणायच्या आहेत. खरं सांगू? नर्सबाई दंडाला पट्टा बांधतात, आणि माझे दंड सध्या दाखवण्यासारखे नाहीत. चूक माझीच. गोम्बोला न सांगता आपला तंबू सोडून शेजारच्या गेरात गेले, इकडे चहा उतू गेला. एवढ्यावर नवरा रागावणारच, असं इथल्या सगळ्याच म्हणतात. सासूबाई तर काहीच बोलत नाहीत. आणि लग्नात तूच सांगितलंस ना, की हात उठतो तो आपल्याच माणसावर?

डाग गेले की येईन. डोकं तेवढं ठणकतं आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात. माया पातळ करू नकोस.

तुझी,
उरना

त्सागान-ओवू, २० सप्टेंबर

चि. उरनास अ. उ. आ.

ते मीच सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. माझा पुढचा दात घोड्याच्या लाथेने पडला असं सगळ्यांना सांगत आले. घोडा नव्हता गं. तुझा मेहुणा वारून पाच वर्षं झाली, तरी मी घोड्याचंच नाव घेते. तुला शहाणपण शिकवताना मी स्वतःचीच समजूत घालत होते. मला माफ कर.

ठिणग्यांचं नर्सबाईंना सांगितलं, तशा त्या उभ्याच राहिल्या. डाग जायची वाट पाहिलीस तर तू आणि बाळ दोघंही जाल, म्हणाल्या. असे दंड त्यांनी पुष्कळ पाहिलेत. जाम्बा हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याच ट्रकने परत ये.

वाट पाहणारी,
दुलमा

डोंगरातून, २२ सप्टेंबर

चि. दुलमास गोम्बोच्या आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र जाम्बाने माझ्या हाती दिलं आणि मी ते फोडून वाचलं. राग मानू नकोस. आमच्या घरीही असाच एक घोडा होता. गोम्बोने तो लहानपणीच पाहिला, आणि मी पोराला कधी सांगितलं नाही की घोडा नव्हता. काल सांगितलं. तो बराच वेळ चुलीपाशी मान खाली घालून बसला. त्यावर मी विसंबत नाही, तूही विसंबू नकोस.

उरना याच ट्रकने येते आहे. जाम्बाला खिडकीची जागा सोडायला लावली आहे. ट्रक निघाला की वाट सुखाची व्हावी म्हणून मागे दूध शिंपडीन. तिच्या आधीच्या बाळाच्या वेळीही मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प बसले, हे तिला तूच सांग. माझी जीभ रेटली नाही.

बाळंतपण झालं की तिला परत पाठवायची घाई नको. ती स्वतः म्हणाली तरच पाठव. गोम्बो न्यायला आला, तर आईने दार लावून घ्यायला सांगितलंय म्हण.

आणि ती लाजेल, पण नर्सबाईंना दोन्ही दंड दाखव.