ज्याला फटका, त्याचा डाव

३ नोव्हेंबर, रविवार
आले एकदाची कुवेतला! अब्बासियात चौघींत मिळून एक खोली, खाली मल्याळी वाण्याचं दुकान, सकाळी साडेसहाला कंपनीची बस थेट शुवैखला, कामावर. आमचं गोदाम बाहेरून गॅरेजसारखं दिसतं, आत मात्र थंडगार आणि जुन्या वस्तूंनी गच्च भरलेलं. मालक फैसल साहेब भला माणूस. माझं काम धातूच्या वस्तूंची डागडुजी. कोणाच्या हाताखाली नाही हं, असं सांगलीत सगळ्यांना ठणकावून सांगून आलेय. प्रत्यक्षात कुबरा आपाच्या हाताखाली आहे. आपा श्रीवर्धनची, इथे वीस वर्षं झाली तिला. आल्या आल्या तिने आपल्या डब्यातला तळलेल्या सुरमईचा तुकडा मला वाढला. बाई गोड वाटते.

६ नोव्हेंबर, बुधवार
आज पहिलं मोठं काम. इटलीहून आलेली ब्राँझची मूर्ती, चारशे वर्षांची, दोन वीत उंच. दोन गावठी गडी, दोघांच्या डोळ्यांवर पट्टी, मध्ये दगड. दोघांचा डावा हात दगडावर टेकलेला, उजव्या हातात गाठ मारलेलं फडकं, एकाचं उगारलेलं, दुसऱ्याचं खाली. मी म्हटलं आंधळी कोशिंबीर, तर आपा खो खो हसली. मग तिने खेळ समजावला. दगडावरचा हात उचलायचा नाही आणि न बघता समोरच्याला फडक्याने हाणायचं. ज्याला फटका बसेल, पुढचा डाव त्याचा. ज्याने हात उचलला तो हरला, खेळ खलास.
वर ताकीद दिली, की अंगावरचा तपकिरी थर हाच मूर्तीचा जीव. कोरडा ब्रश आणि मेण, बस्स. ती नवीन असताना तिने साहेबांच्या वडिलांचा समोवार, म्हणजे चहाचं जुनं पितळी भांडं, चिंचेने घासून लख्ख केला होता म्हणे, आणि नोकरी जाता जाता वाचली होती. हे तिनेच हसत हसत सांगितलं.
एका गड्याच्या मनगटाला केसाएवढी भेग आहे, ती मी शोधली. आपालाही दिसली नव्हती!

१० नोव्हेंबर, रविवार
आपाने ती भेग साहेबांना स्वतःची म्हणून दाखवली. माझ्यासमोर! साहेब म्हणाले, माशाल्ला, काय नजर आहे. मी शेजारी ब्रश धरून मख्खासारखी उभी. नंतर विचारलं तर म्हणते, तुझी काय नि माझी काय गो, भेग ती भेग. आग लागो त्या गोडव्याला! याचा वचपा काढला नाही तर नावाची सुखदा नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
काढला. आपा दुपारच्या नमाजाला गेली, तेवढ्यात वाण्याकडची चिंच कोळून हात उगारलेल्या गड्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर चोपडली. सासूबाई तांब्याची कळशी घासतात तशी घासली. गडी पिवळाधमक! उरलेली चिंच आपाच्या खणात ठेवली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
आपाला काढलं. साहेबांना समोवार आठवला, मग काय, संपलंच. ती भांडली नाही की रडली नाही. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, की ज्याला फटका, त्याचा डाव. म्हणू दे. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. उद्या ती गावी चाललीय.

१७ नोव्हेंबर, रविवार
मेण लावत होते. मूर्ती हलू नये म्हणून डावा हात त्यांच्या दगडावर ठेवला, आणि खांद्यावर सपकन बसलं. ओल्या पंच्याला गाठ मारून हाणावं तसं. मागे कोणी नाही. ऑफिसातली अफ्रीन काचेपलीकडे टाईप करत होती. आरशात पाहिलं, खांद्यावर लिंबाएवढं काळंनिळं झालंय.

१८ नोव्हेंबर
पिवळ्या गड्याचा उगारलेला हात आज खाली आहे. दुसऱ्या, तपकिरी गड्याचा वर गेलाय. ब्राँझ कधी हलतं का!
म्हणजे मार मी खाल्ला. डाव माझा.
ओढणीला गाठ मारली, हात दगडावर ठेवला, डोळे मिटले आणि हाणलं. मऊ काहीतरी लागलं.

१९ नोव्हेंबर
अफ्रीनला श्रीवर्धनहून फोन आला. आपाच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय, घरात बसल्या बसल्या. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.
दुपारी माझ्या कानशिलात बसली. मूर्तीपासून दहा हात लांब होते तरी. उजव्या कानाने ऐकू येत नाही.

२० नोव्हेंबर
आपाने अफ्रीनकडे निरोप धाडलाय. साहेबांना खरं काय ते सांग, म्हणजे हात उचलल्यासारखं होईल, दोघीही सुटू. तिने मला माफ केलंय म्हणे.
माफ! ही कोण माफ करणारी? भेग माझी होती. माझी!
ओढणीला दोन गाठी मारल्या. सगळा जीव एकवटून —

२१ नोव्हेंबर
आपा गेली. डोक्याला मार लागून. अफ्रीन रडतेय.
एवढं नको होतं मला — देवा शप्पथ, एवढं नको —
संपला ना खेळ? समोर आता कोणीच नाही —
पण फटका तिला बसला. डाव तिचा.

दुपार
डावा हात दगडावर आहे. मी ठेवला नाही. उचलता येत नाहीये —
डोळ्यांवर काहीतरी बांधलंय, मागून गाठ आवळतंय कोणीतरी. न बघता लिहितेय. साहेब पलीकडेच आहेत, तोंडातून आवाज फुटत नाही, म्हणून —
फैसल साहेब, चिंच मी लावली. मी. आपाने नाही — भेगसुद्धा तिचीच म्हणा — तिचीच —
आपा, हरले मी. हरले ना. उचलते हात, बघ, उच