भरलेले खेकडे

लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
१२ जानेवारी २०२५

ती. हणमंतकाकांना मयुराचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे एक बरंच आहे. तुमचं पत्र आलं की बाबा धाकटे भाऊ होतात आणि दोन दिवस ऑफिसचं नाव काढत नाहीत.

माझा प्रबंध संपत आलाय. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात एक हार्मोन असतं. ते भरपूर असेपर्यंत तो कात टाकत नाही. तुम्ही दोन वर्षं दर महिन्याला पाठवलेल्या खेकड्यांत ते बाराही महिने भरपूर निघालं. माझ्या गाईड कुमुदमॅडम आधी खूश होत्या. आता म्हणतात, ऋतू बदलूनही फरक नाही हे पटत नाही. खेकडे कसे गोळा केले ते पकडणाऱ्याकडून लिहून आण.

तेव्हापासून मला सुट्टीतला ओढा आठवतोय. मी आठ वर्षांची, गुडघाभर पाण्यात तुमच्या मागे. तुम्ही दगडाखालून खेकडा काढायचात, तळहातावर तोलायचात आणि हलका लागला की नुकतीच कात टाकलीय, पोकळ आहे, म्हणत सोडून द्यायचात. किती सुखाचे दिवस होते! पण काका, आता त्याच आठवणीची भीती वाटते. हाताला लागेल तो पाठवा, असं मी दोनदा लिहिलं होतं. तसेच पाठवलेत ना? भरलेलेच निवडले असतील तर त्यांत हार्मोन भरपूरच निघणार; मग दोन वर्षांचं काम फुकट, आणि शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपतेय.

काकूंना नमस्कार. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची
मयुरा

वाघजाईवाडी, ता. पाटण
२० जानेवारी

चि. मयुरास अनेक उत्तम आशीर्वाद.

निवडले की गं! घरच्या लेकीला पोकळ खेकडा कोण धाडतं? तू लिहिलं होतंस, पण मला वाटलं, पोर भिडस्त आहे, काकाला त्रास नको म्हणून लिहिते. काकू म्हणते, भलं करायला गेलात आणि पोरीचं शिक्षण पाण्यात घातलंत. परवापासून मला जेवण गोड लागत नाही.

मॅडमना काय लिहू ते कळव. लागेल तो उचलला, असं लिहिलं की तुझं काम होतं ना? मग तसंच लिहितो. ओढ्यावर मी एकटाच असायचो. साक्षीला कोण येतंय?

तुझ्या बाबाला, हरीशला, यातलं काही सांगू नकोस. म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा
हणमंतकाका

लक्ष्मीबाई नगर
२९ जानेवारी

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं. तसंच लिहा, म्हणून कागदावर उतरवलंसुद्धा. मग सरोजिनी नगरच्या बाजारात उगाच दोन तास भटकले आणि घरी येऊन तो कागद फाडला. माझ्या प्रबंधात प्रत्येक आकड्याशेजारी तुमच्या ओढ्याचं नाव आहे, काका. तिथे खोटं नको, बिल्कुल नको.

झालं तसं लिहा. मॅडम काय करतील ते माहीत नाही. रडू येतंय, पण तुमच्यावर राग नाही, हे नक्की समजा.

तुमचीच
मयुरा

वाघजाईवाडी
६ फेब्रुवारी

मा. कुमुदमॅडम यांस सा. न. वि. वि.

मी मयुराचा चुलता. तिला पाठवलेले सगळे खेकडे मी एकेक तोलून निवडले. भरलेला ठेवला, हलका पाण्यात सोडला. तिने तसं करू नका म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं नाही. लांब राहणाऱ्या लेकराला हलकं काही पाठवायला माझा हात होत नाही.

आपल्याला खोटं लिहायचीही माझी तयारी होती. पोरीनेच लिहू दिलं नाही. खेकड्यांची पारख मला आहे, असं चाळीस वर्षं समजत होतो. माणसांची आपल्याला असेल.

तिच्यावर लोभ असू द्यावा. माझ्यावर राग धरलात तरी चालेल.

आपला
हणमंत