कंदिलाच्या हुकावरची भुतं

२४ ऑक्टोबर

कुरिअर आलं. भुतं! तीन भुतं! पांढरी फडकी, प्लास्टिकची तोंडं, एक दांडी आणि दांडीवर मोटार. ती फिरली की भुतं वर-खाली होतात. आचलनं माझ्याच मोबाइलवरून मागवली. हॅलोविन म्हणे, ३१ तारखेला मैत्रिणी येणार. राजापेठेत हॅलोविन!

ओरडणार होते. तर म्हणते, "आजोबा गेले म्हणून यंदा कंदील नाही, रांगोळी नाही, फराळ नाही. भुतं तर सण नाही न, मम्मी?"

वर्षभर सण करायचा नाही हे खरं. भुतांबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

मनोज म्हणाला, "दहा मिनटाचं काम हाये." सकाळचं जेवण चार वाजता झालं!

आधी भिंतीला ड्रिल. बचकभर प्लास्टर खाली. मग जांभळाची फांदी. भुतं पानांत अडकली, मोटार नुसती कण्हत राहिली. शेवटी पोर्चमधला लोखंडी हुक. तिथे वायरही होतीच.

म्हटलं, "अहो, तो बाबांचा कंदिलाचा हुक आहे."

"मंग? रिकामाच तं हाये यंदा."

खरं तेच. मधलं भूत तिरकं लोंबतं आहे, ते सांगायचंही त्राण उरलं नाही.

२८ ऑक्टोबर

शेजारच्या शकुनकाकू चिवडा घेऊन आल्या. आमच्याकडे तळण नाही म्हणून. दारातच थबकल्या. "अवं आरती, घरात गमी झाली अन् दारात भुतं टांगून राहिले तुमी? कंदील चालत नाही अन् हे चालते?"

मी डबा घेतला. चिवडा खारट होता.

वर काय तर अकोल्याहून नणंदेचा फोन. वर्षाली म्हणते, "गुरुवारी येते अन् आईले घेऊन जाते. माह्याकडे बोलन तरी ती."

मला आई इथे हव्या आहेत. पण इथे तरी कुठे बोलतात? बाबा गेल्यापासून खोलीबाहेर पाऊल नाही. पोर्चकडच्या खिडकीशी बसून असतात. ताट नेते तसंच परत आणते. कोणत्या तोंडानं नको म्हणू?

२९ ऑक्टोबर

भुतं आपोआप सुरू झाली! दिवेलागणीची वेळ, माझे हात कणकेत, आणि बाहेर घर्र घर्र! दाराजवळचं बटण बंद केलं. स्वयंपाकघरात पोचते न पोचते तर पुन्हा सुरू! दूधवाल्यानं गाडी आडवी पाडली.

मनोज म्हणतो, "शॉर्ट असन कुठं." याचं सगळं "असन"वर चालतं!

३० ऑक्टोबर

मनोजनं मोटार उघडली. बंद केली. एक स्क्रू उरला.

संध्याकाळी पुन्हा तेच! इलेक्ट्रिशियन म्हणतो दिवाळीनंतर. मी म्हटलं, काढा ते सोंग. तर आचल रडायला लागली. रडायचं तर मलाही आहे. मी कोणाकडे रडू?

३१ ऑक्टोबर

वर्षाली आली. आईंची बॅग भरायला दोघी खोलीत गेलो. आई खिडकीशीच. हात बटणावर.

ते बटण मी साफ विसरले होते! कंदिलाचंच दुसरं बटण, जिन्यात असतं तसं, दोन्हीकडून चालणारं. बाबांनी मुद्दाम बसवून घेतलं होतं. दरवर्षी ते स्टुलावर चढून कंदील टांगायचे, बाहेरून ओरडायचे, "दाब वं!" आणि आई इथून दाबायच्या.

खट्! बाहेर भुतं वर चढली. पोरी किंचाळल्या.

आमच्याकडे न बघताच आई बोलल्या, "मधलं वाकडं टांगलं. त्याईनं असं कधी टांगलं नाही. रोज लावून पाहून राहिली मी, कोनाच्या तरी नजरेत येईन म्हनून. काहून नाही केलं नीट?"

आणि उठल्या. चपला घातल्या आणि अंगणात गेल्या! वर्षाली रिकामी बॅग धरून उभी. मी रडत होते.

बाहेरून हाक आली, "आरती! स्टूल आन!"