फॉर्मवर लिहिलेला नंबर

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
बुधवार, २ जुलै २०२५

चि. मुग्धा हिस, अप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी पाचला उठलो. कंपनीच्या बसने जबल अलीला गेलो. दिवसभर गोदामात स्टॉकची मोजणी होती. साडेसहाला घरी आलो, आमटी गरम करून जेवलो. तुमचं विमान माद्रिदला आणि पुढचं आलिकांतेला वेळेवर उतरलं, हे मोबाइलवर पाहिलं.

फोनवर आपण सासरे-सून नुसते गप्प बसतो, म्हणून पत्रं लिहायची हे तू ठरवलंस ते बरं झालं. पहिल्या ओळीत सवयीने चि. सौ. असं टाइप झालं होतं. पुसलं. 

तुमच्या जाण्याला मी आडवा आलो नाही. बाबा गेल्यापासून नऊ महिने अवनी शॉवरखाली उभी राहत नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसून आंघोळ झाली म्हणते, हे मीही बघतो आहे. तिला लांबचा, वेगळा समुद्र दाखवा, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटतं. पटलं तरी झोप येत नाही. निनाद चांगला पोहणारा होता, आणि त्या दिवशी रास अल खैमाचं पाणी अगदी शांत होतं. एवढंच लिहितो.

खोली कितव्या मजल्यावर आहे? बाल्कनीला कडी आहे का? सेफ्टीच्या बाबतीत रामभरोसे राहू नकोस, स्वतः ओढून बघ. अवनीला गोदामातून आणून दिलेली शिट्टी तिच्या गळ्यात असू दे.

माया आहेच तुझी, ती अशीच असू दे.
अप्पा

आलिकांते
गुरुवार, ३ जुलै २०२५

ती. अप्पांना मुग्धाचा सा. न. वि. वि.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनीला कडी आहे, शिवाय मी तिला ओढणीची गाठ मारली आहे. आता तरी झोपा.

शहराच्या डोक्यावर किल्ला आहे आणि वर जायला खडकाच्या पोटातून लिफ्ट. आज ट्रामने समुद्राच्या कडेकडेने व्हिलाखोयोसा नावाच्या गावी गेलो. तिथली घरं लाल, निळी, पिवळी अशी भडक रंगवलेली आहेत. मासेमारीला गेलेल्यांना लांबून आपलं घर ओळखता यावं म्हणून, असं हॉटेलातल्या बाई म्हणाल्या. अवनीने लगेच इंग्रजीत विचारलं, की ज्यांना घर दिसलं पण परत येता आलं नाही त्यांचं काय. बाईंना समजलं नाही, आणि मी समजावलं नाही.

तुमची शिट्टी तिने ट्राममध्ये वाजवून पाहिली. ड्रायव्हरने ट्राम थांबवली. मी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरले आणि ही खिडकीकडे तोंड करून हसत होती. अप्पा, खूप दिवसांनी हसली.

समुद्राकडे मात्र अजून पाठ करून चालते. शनिवारी ताबार्का नावाच्या बेटावर जायचं म्हणते आहे. तासाभराची बोट आहे. तुम्ही नको म्हणाल म्हणून आधीच तिकिटं काढली. मी धीट आहे असं समजू नका. नावांचा फॉर्म भरताना दोनदा पेन खाली ठेवलं.

वेळेवर जेवा. शेजारच्या हेमाताईंनी जेवायला बोलावलं तर जा. राग धरू नका, धरलात तरी पत्र लिहा.
मुग्धा

दुबई
शनिवार, ५ जुलै २०२५, संध्याकाळी ६.३५

चि. मुग्धा,

तू हे पत्र वाचशील असं धरून लिहितो.

सहा वाजून दहा मिनिटांनी निनादचा फोन वाजला. नंबर खलास, बंद करून टाकला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. मी तो चालू ठेवला आहे. कपाटात, त्याच्या शर्टांखाली असतो, दर रविवारी चार्ज करतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

बोटवाला होता. मोडक्या इंग्रजीत सांगत होता, की वारा वाढला आहे, शेवटची बोट लवकर सोडतो आहोत, यादीतले दोघं आले नाहीत, मदर आणि चाइल्ड. पाण्यात गेली आहेत का, असं मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. मग फोन कट झाला. उलट लावतो तर एंगेज. तुझा नुसता वाजतो, कुणी घेत नाही.

७.१०. हेमाताई येऊन गेल्या. इन्शाल्ला सगळं ठीक असेल म्हणाल्या. मी त्यांना आत बोलावलं नाही.

कधीतरी सांगायचं होतं, ते आता लिहितो. त्या दिवशी मी किनाऱ्यावर निनादचे बूट सांभाळत बसलो होतो. बुटातला फोन वाजला. मी खाली वाकून उचलला. क्रेडिट कार्ड विकणारा कुणी होता. त्याला नको म्हटलं, तो ऐकेना, पुन्हा नको म्हटलं. मग वर पाहिलं, तर पाण्यात निनाद दिसेना. तेवढ्यात झालं. पोलिसांना हे सांगितलं आहे, तुला नाही.

७.४५. दोन्ही फोन समोर ठेवले आहेत.

८.१०. आत्ता तुझ्याशी बोललो. तू हॉटेलवर पोचलीस, अवनी ठीक आहे, एवढंच कळलं. बाकी माझ्या लक्षात राहिलं नाही. अवनीने फोन घेऊन इंग्रजीत विचारलं, बाबाचा फोन अजून वाजतो का. वाजतो म्हटलं. ती बरं म्हणाली.

हे पत्र पुसणार होतो. पाठवतो.
अप्पा

आलिकांते
रविवार, ६ जुलै २०२५, सकाळी ८

ती. अप्पांना शि. सा. न.

तो नंबर मीच लिहिला. मुद्दाम नाही. बारा वर्षं दुबईत शाळा, दवाखाना, व्हिसा, सगळ्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव आणि त्याच्याखाली तोच मोबाइल. मोबाइल असं छापलेलं दिसलं की हात तोच आकडा लिहितो, मला दुसरा कुणाचा पाठही नाही. तुमच्याकडून सौ. लिहिलं गेलं, माझ्याकडून हे. माझा फोन हॉटेलवर चार्जिंगला राहिला होता.

आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला खडकांजवळ होतो. अवनीने चपला काढल्या आणि काही न बोलता पाण्यात गेली. आधी घोटे, मग गुडघे, मग कमर. एका हाताने खडक आणि दुसऱ्याने माझा हात, इतका घट्ट की अजून वळ आहेत. मला भीती वाटत होती, तरी बाहेर ये म्हणवेना. अर्धा-पाऊण तास गेला असेल. वारा सुटला तो कळलाच नाही. मग बोटीवरचा माणूस ओरडत धावत आला. त्याने स्पॅनिशमध्ये जे काय सुनावलं ते न समजलेलंच बरं. येताना बोट फार हलली. अवनीने शॉवरखाली उभं राहून मीठ धुतलं, अप्पा. दार उघडं ठेवून, पण शॉवरखाली.

तुमच्या पत्राबद्दल. वाचून मला राग आला. आधी तुमच्यावर, मग त्या कार्डवाल्यावर, मग निनादवर, की कुणी बरोबर नसताना इतक्या आत गेलाच कशाला. सकाळी उठले तेव्हा वाटलं, नऊ महिने तुम्ही हे पोटात ठेवून माझ्यासमोर बसून माझ्या हातच्या पोळ्या कशाबशा खात होतात, आणि मला वाटायचं पोळ्याच बिघडताहेत.

आता एक अडचण आहे. अवनीला आज अकराला सान हुआनच्या किनाऱ्यावर जायचं आहे, पुन्हा पाण्यात. पण आजोबा घाबरले, ते हो म्हणाले तरच जाईन, असं म्हणते. तुमच्या नावाने मी खोटं हो सांगू शकले असते. सांगणार नाही. नको म्हणालात तर आम्ही जाणार नाही, आणि मी तुम्हाला कधी बोलूनही दाखवणार नाही. ती पुन्हा कधी विचारेल की नाही, ते मात्र मला माहीत नाही.

पोळ्यांचं खरं सांगत जा, आणि आम्हाला आपलं म्हणत राहा.
मुग्धा

दुबई
रविवार, ६ जुलै २०२५

चि. मुग्धा हिस, अप्पांचे आशीर्वाद.

पहिल्यांदा नको असं लिहिलं. खाली कारणं लिहिली, चांगली सात-आठ झाली. ती वाचली आणि सगळी पुसली. दुसऱ्यांदाही नकोच लिहिलं गेलं.

जाऊ दे तिला. कमरेपर्यंत. तू काठावर बसू नकोस, पाण्यात तिच्या शेजारी उभी राहा. कुणी कितीही हाका मारल्या तरी मान वळवू नकोस. अवनीला सांग, आजोबा हो म्हणाले. आजोबा घाबरले नाहीत असं मात्र सांगू नकोस, ती हुशार आहे.

बाहेर आलात की लगेच कळव. एका रात्रीत मी शहाणा झालो असं समजू नकोस. तुमचे अकरा म्हणजे इथला दुपारचा एक. हेमाताईंनी जेवायला बोलावलं होतं, त्यांना नाही म्हटलं. त्या वेळी मला कुणाशी बोलता येणार नाही.

पोळ्या चांगल्या होत्या.

तुम्ही दोघी माझ्या आहात, आणखी काय लिहू.
अप्पा

ता. क. पावणेबारा झाले. सकाळी गवार आणली आहे, ती मोडायला बसतो.